अंजीच्या हौदाची वीज

कोराडी,
ता. ८ ऑगस्ट १९७६

ती. विमलवहिनीस पुंजाजीचा सप्रेम जयभीम.

अंजीला घेऊन तुम्ही अकोल्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात, हे ग्यानबाकाकांच्या कार्डावरून कळलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल त्यांनी पाठवली होती, ती मी इथल्या दवाखान्यात दाखवली. इथल्या डॉक्टरीणबाईंचंही तेच म्हणणं पडलं. पोलिओनं आखडलेला गुडघा रोज पाऊण तास छातीएवढ्या कोमट पाण्यात हलवला, तर चार-पाच महिन्यांत सुटेल आणि लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून पोर स्वतःच्या पायानं चालेल. आज ती नऊ वर्षांची आहे. आणखी एक-दोन वर्षं अशीच गेली, तर गुडघा आहे तसाच घट्ट होईल, मग पाण्याचाही उपयोग नाही.

पाऊण तास पाणी एकसारखं कोमट ठेवणं चुलीवर जमायचं नाही. आपल्या परसात सिमेंटचा हौद बांधू. चार फूट लांब, अडीच रुंद, दोन खोल. पाणी विजेवर तापवू. मी वीज बनते तिथं नोकरी करावी आणि माझ्या भावाच्या लेकीला हौदभर ऊन पाणी मिळू नये, हे मला बरं वाटत नाही.

तुम्ही एवढंच कळवा. विजेच्या खांबापासून आपलं दार किती पावलं आहे? मीटरवर कोणता आकडा लिहिला आहे? घरात दिवे किती आणि संध्याकाळी ते मंद होतात का? बाकीचं मी पाहतो. अंजीला सांगा, काका तिला म्हशीसारखं डुंबायला डोह करून देतोय.

तुमचा,
पुंजाजी


आसेगाव,
ता. १९ ऑगस्ट १९७६

भाऊजी पुंजाजी यांस विमलचा जयभीम.

ग्यानबाकाकांना मी काही लिहायला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या ट्रंकेत असताना तिची नक्कल कोराडीला कशी पोचली, ते मी त्यांना विचारलं. म्हणाले, "पुंजाजीनंच मांगितली होती, बाई. मी कायले खोटं बोलू?" म्हणजे मला सहा महिन्यांत एक ओळ नाही आणि चिठ्ठी मात्र मागच्या दारानं मागवली. अशी काय घाई झाली तुम्हाला?

विचारलंत म्हणून लिहिते. खांबापासून दारापर्यंत बावीस पावलं. अंजीला कडेवर घेऊन मोजली, त्यामुळे एखाद-दुसरं कमी धरा. मीटरवर पाच लिहिलं आहे. दिवे दोन. पिठाची गिरणी सुरू झाली की दोन्ही असे होतात की दिव्याखाली दिवा शोधावा. पण हे कळवलं म्हणजे मी हो म्हटलं असं धरू नका.

दोन वर्षं मी गप्प राहिले, आता लिहिते. मळ्यातली मोटार तुम्ही बसवली. दोन महिनेही झाले नव्हते, आणि जूनच्या दहा तारखेला यांनी ती सुरू करायला लोखंडी डब्याला हात लावला, तो हात सुटलाच नाही. पंचनाम्याच्या वेळी शालिग्राम वायरमन होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मोटारीले अर्थच नव्हता. तुया देरानं घातलाच नसन. घातला असता त भिवाजी आज जित्ता असता." हा अर्थ म्हणजे काय वस्तू असते ते मला ठाऊक नाही. डब्यात असते की डब्याबाहेर, तेही नाही. पण ती नव्हती आणि माझा माणूस गेला, एवढं कळतं.

मला एका शब्दात कळवा. तुम्ही तो घातला होता की नाही? तोवर अंजीचं पाणी मी चुलीवर तापवीन.

विमल


कोराडी,
ता. २८ ऑगस्ट १९७६

ती. वहिनीस जयभीम.

घातला होता. बाकीचं भेटल्यावर बोलू. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मीटर पाचाचं आहे, म्हणजे ते बदलावं लागेल. पाणी तापवण्याच्या ओझ्यानं ते जळून जाईल. वीज बोर्डाच्या मंगरूळच्या ऑफिसात वाढीव भारासाठी अर्ज करावा लागतो, त्याचा कागद सोबत आहे. फुली केली आहे तिथं सही करून टपालात टाका.

आणि एक सांगून ठेवतो. हौदाची गोष्ट गावात कुठं बोलू नका. विशेषतः बबनरावांच्या घरी नाही. त्यांचं शेत आपल्या मळ्याला लागून आहे आणि बांधावरून बोलणं होतच असतं, म्हणून सांगितलं. कारण विचारू नका.

पुंजाजी


आसेगाव,
ता. १५ सप्टेंबर १९७६

भाऊजींना जयभीम.

सही केलेली नाही. कागद परत पाठवते आहे.

"घातला होता" एवढे दोनच शब्द. घातला होता तर तो गेला कुठं, त्याला काय पाय फुटले? ज्याच्या मनात काही नसतं, तो भेटल्यावर सांगतो असं म्हणत नाही. आणि माझ्या लेकीच्या आंघोळीची गोष्ट मी चोरून का ठेवायची?

चुलीवर तापवून पाहिलं. ग्यानबाकाकांनी गुळाच्या गुऱ्हाळातली जुनी काहील आणून दिली, तिच्यात अंजी बसते. पस्तीस घागरी पाणी लागतं. शेवटचा हंडा तापतो तोवर पहिला निवतो. दहा दिवस केलं. गेल्या सोमवारी काहिलीत पाणी फार निवलं म्हणून कढत हंडा ओतला आणि अंजीच्या वाळलेल्या पायावर फोड आले. तिनं हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "तू दमली होती ना आई, म्हून नाही सांगतलं." त्यानंतर मी काहील पालथी घालून ठेवली आहे. पुढच्या वर्षी पाचवीचा वर्ग नाल्यापलीकडच्या शाळेत भरेल. मास्तर म्हणतात, कडेवर घेऊन नाल्यातून किती दिवस आणणार?

बबनरावांचं म्हणाल तर त्या घरचं मला तुमच्याआधी कळलं आहे. रंगूबाईंशी, त्यांच्या बायकोशी, मी दोन वर्षांत बोलले नाही. त्यांनी आमच्या हद्दीत येऊन काय करून ठेवलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या हातानं ते निस्तरलं आणि बांधावरच्या वाटेला बाभळीच्या काट्या लावल्या. काय होतं ते विचारू नका. दीक्षा घेतलेल्या घरातल्या बाईनं लिहू नये असं आहे. निस्तरूनही उपयोग झाला नाही, महिन्याच्या आत हे गेले.

तेव्हा माझा तुमच्यावर विश्वास नाही आणि त्यांच्यावरही नाही. पण फोड आलेला पाय डोळ्यांसमोरून हलत नाही. हौद बांधायचाच असेल तर त्यात काय काय करणार ते सगळं कागदावर लिहून पाठवा. कुठली तार कुठून नेणार, काय जोडणार, काय पुरणार, एक खिळाही सोडू नका. ते मी मास्तरांना वाचायला देईन. आणि त्या अर्थाचं काय झालं तेही लिहा. नाही लिहिलंत तर यापुढं पत्र पाठवू नका.

विमल


कोराडी,
ता. २६ सप्टेंबर १९७६

ती. वहिनीस जयभीम.

अंजीच्या पायाचं वाचून जेवण गेलं नाही. तुम्ही म्हणता तसं आता सगळं लिहितो.

पहिली गोष्ट, हौदात वीज जाणार नाही. हौदात फक्त पाणी जाईल. परसातल्या भिंतीपलीकडं विटांच्या ओट्यावर दोनशे लिटरचा लोखंडी पिंप ठेवणार. त्यात दोन हजार वॅटच्या दोन कॉइल. अडीच तासांत पिंप असा तापेल की हात लावता येणार नाही. ते पाणी नळीनं हौदात सोडायचं आणि विहिरीच्या गार पाण्यात मिसळायचं. मधेच निवलं तर पिंपात उरलेलं ऊन पाणी थोडं थोडं सोडायचं. घरातल्या दिव्यांची तार बारीक आहे, तिला हात लावायचा नाही. नव्या मीटरपासून पिंपापर्यंत वेगळी जाड तार, मधे लोखंडी मेन स्विच, दोन्ही तारा एकदम तोडणारा.

दुसरी गोष्ट फक्त तुमच्यासाठी. त्या स्विचमध्ये चिनी मातीचा फ्यूज असतो, हातानं उपसून काढता येतो. पाणी तापलं की खटका खाली करायचा, फ्यूज उपसायचा, पदराच्या गाठीत बांधायचा आणि मगच अंजीला पाण्यात उतरवायचं. फ्यूज तुमच्या पदरात असेल तर कोणी कितीही खटका वर केला तरी तारेत काही येणार नाही. तुमचा माझ्यावर विश्वास नाही म्हणता. नसू द्या. फ्यूज पदरात असल्यावर विश्वास ठेवण्याची गरजच पडत नाही.

तिसरी गोष्ट अर्थ. तुम्ही विचारलंत ती वस्तू कुठं असते, तर ती जमिनीत असते. खड्डा खणायचा. तळाशी तांब्याचा पत्रा उभा ठेवायचा, त्याला तार घट्ट आवळायची आणि ती तार लोखंडी डब्याला आणून जोडायची. पत्र्याभोवती कोळशाचा थर, मग जाड्या मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, वर माती. मीठ-कोळशानं ओल टिकते. डब्याच्या आत एखादी तार सैल होऊन पत्र्याला लागली, तर वीज या वाटेनं जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. वाट नसली तर डब्याला हात लावणाऱ्या माणसातून ती वाट काढते. उन्हाळ्यात खड्डा सुकतो, म्हणून दोन दिवसांआड त्याच्यावर घागरभर पाणी ओतावं लागतं.

मळ्यात शेडमागं बोराच्या झाडाखाली मी असाच खड्डा केला होता. पाणी दादा घालायचा. तो गावाला गेला तर बबनरावांच्या रंगूबाई घालायच्या. दादानंच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं, मी तिथं उभा होतो.

आता न लिहिण्यासारखं लिहितो. दादाला मूठमाती देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्यानं तो खड्डा उघडला. आत काही नव्हतं. पत्रा नाही, कोळसा नाही, मीठ नाही. नुसती भुसभुशीत माती भरलेली. वहिनी, पत्रा आपोआप चालत जात नाही. तो खड्डा कुठं आहे हे घराबाहेर दोनच माणसांना माहीत होतं. आदल्या वर्षी विहिरीच्या पाळीवरून बबनरावाचं आणि दादाचं वाजलं होतं, तुम्हाला आठवत असेल. मी गप्प राहिलो, कारण तुम्ही अंजीला घेऊन त्या बांधाला लागून एकट्या राबता. पुरावा काही नव्हता. पण तुम्हीच लिहिलंत की त्यांनी हद्दीत येऊन काहीतरी केलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. आता मला साक्षीदार मिळाला. फौजदाराच्या नावे अर्ज लिहून ठेवला आहे. दिवाळीनंतर येईन, हौदाचं काम करीन आणि तो अर्ज देऊन माणूस आत घातल्याशिवाय परत जाणार नाही.

बोर्डाचा कागद पुन्हा पाठवतो.

पुंजाजी


कोराडी,
ता. २४ ऑक्टोबर १९७६

ती. वहिनीस जयभीम.

महिना होत आला, तुमचं उत्तर नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आसेगावचा ट्रक आला, त्यात तुम्ही नव्हता. ग्यानबाकाका म्हणाले, "विमल कोनाशी बोलत नाही. पोरीलेबी हौदाचं नाव काढू देत नाही. तू काय लिह्यलं तिले?" मी काय सांगणार? तुम्हाला मी खोटा वाटलो, हे मला कळलं. माणूस दोन वर्षं लपवलेलं एकदम सांगायला लागला की ते बनवलेलं वाटतं, हेही कळतं.

पण मी आता थांबणार नाही. कॉइल, तार, स्विच, सगळं इथं बांधून तयार आहे. रजा मंजूर झाली. ता. १४ नोव्हेंबरच्या एसटीनं येतो. हौदाला तुम्ही नाही म्हणालात तर सामान ओसरीत ठेवीन. अर्ज मात्र त्याच दिवशी फौजदाराकडे जाईल. तुमची साक्ष तुम्ही द्याल की नाही, ते तुमच्यावर सोडतो.

पुंजाजी


आसेगाव,
ता. ३१ ऑक्टोबर १९७६

भाऊजी,

अर्ज देऊ नका. बबनरावांनी काही केलेलं नाही. तो खड्डा मी उकरला.

तुमचं सप्टेंबरचं पत्र मी ओसरीत उभ्यानं वाचत होते. कोळसा, मीठ, तांब्याचा पत्रा इथपर्यंत आले आणि ती ओळ पुन्हा वाचली. अंजी विचारत होती, "काय लिह्यलं वो काकानं?" मी म्हटलं, हौदाचं लिहिलं आहे. मग पत्र तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातलं आणि महिनाभर त्या डब्याला हात लावला नाही.

तुम्ही मोटार बसवली तेव्हा मी किन्हीराजाला माहेरी होते, भावाच्या लग्नाला. परत आल्यावर यांनी मला मोटार दाखवली, डबा दाखवला, लाल-हिरवी बटणं दाखवली. जमिनीत काय आहे ते कोणी सांगितलं नाही. मे महिन्यात हे बैल पाहायला रिसोडला गेले होते, चार-पाच दिवस. मी मळ्यात गेले तर रंगूबाई आपल्या मोटारीच्या शेडमागं उभ्या. बोराच्या झाडाखाली घागर रिकामी केली आणि काही न बोलता बांधावरून निघून गेल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्या घरची बाई आमच्या हद्दीत, हे नसताना, एकाच जागी पाणी ओतते, याचा मी दुसरा काय अर्थ लावणार? त्या गेल्या आणि मी कुदळ घेतली.

वीतभर खाली कोळसा निघाला. त्याखाली मिठाचे खडे. पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. तळाशी तांब्याचा पत्रा, तारेनं आवळलेला. लहानपणी आजी सांगायची, "घरचा मानूस न्यायचा असला का असं बांधून पुरतात." आपल्या घरातले देव मामंजींनी छप्पन सालीच नाल्यात सोडले. ही भीती मात्र माहेराहून माझ्यासोबत आली होती, ती कोणी सोडवली नाही. मी तार पिळून पिळून तोडली. पत्रा पदराखाली धरून नेला आणि नाल्याच्या डोहात फेकला. मीठ-कोळसा टोपल्यानं वाहून टाकला. खड्डा बुजवला, वर पाचोळा पसरला. त्या दिवशी मला वाटलं, मी माझ्या नवऱ्याचा जीव वाचवला.

यांना मी सांगितलं नाही. दीक्षा घेतलेला माणूस, करणीचं ऐकून हसले असते. भाऊजी, हसले असते आणि वाचले असते. मीठ-कोळसा म्हणताच त्यांना कळलं असतं. मला लाज वाटली म्हणून मी बोलले नाही, आणि पंचवीस दिवसांनी ते गेले. त्यानंतर दोन वर्षं मी तुमच्या नावानं बोटं मोडली.

हे सगळं कळल्यावरही मी गप्पच बसणार होते. अर्ज जाईल, बबनराव आत जाईल, जाऊ दे, असंही एकदा मनात आलं. खोटं लिहीत नाही. पण तुमचं दुसरं पत्र आलं त्या दिवशी मी बांधावरच्या काट्या काढल्या आणि रंगूबाईंकडं गेले. त्या मिरचीला पाणी देत होत्या. मी विचारलं, "तुमी तठी पानी काहून टाकत होत्या?"

त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. म्हणाल्या, "भिवाजीनं सांगतलं होतं, बाई. म्हने, मी नसलो का घागरभर टाकत जा, रंगूमाय, मोटारीले लागते. मी टाकलं. मंग तू काट्या लावल्या. मले वाटे, आमच्या घरानं तुमाले जलमभर पान्याले शिवू नाही देलं, आता माया हातचं पानी तुमाले चालत नसन. म्हून मी बोलली नाही." मग त्यांनी विचारलं, "काहून पुसतं आता?" मी तशीच परत आले.

आता तुम्हाला ठाऊक झालं. तुमच्या भावाला मी मारलं. तुम्ही या किंवा येऊ नका, मला काही म्हणा, कोणालाही सांगा, मी नाही म्हणणार नाही. फक्त माझ्या चुकीपायी अंजीचा पाय तसाच राहू देऊ नका. बोर्डाच्या कागदावर सही केली आहे.

विमल


कोराडी,
ता. ८ नोव्हेंबर १९७६

वहिनी,

तुमचं पत्र आल्यावर पहिले दोन दिवस मला तुमचा फार राग आला. ड्युटीवर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज फाडला. एका निरपराध माणसाला मी पोलिसात देणार होतो, आणि तुमची साक्ष त्याच्यावर लावणार होतो. शेडमागं पाणी ओतणाऱ्या बाईला तुम्ही चेटकीण समजलात, आणि त्याच बाईच्या घराला मी खुनी समजलो. मी तर तारेतलं शिकलेला माणूस आहे.

आता माझं ऐका. खड्ड्याचं मी दादाला सांगितलं, शेजारच्या घराला कळू दिलं, आणि ज्या बाईचे हात रोज त्या मातीत असायचे तिला सांगितलं नाही. बायकांना काय कळतंय विजेतलं, असंच तेव्हा डोक्यात होतं. मुरूम लागला म्हणून मी खड्डाही दीड हातावर सोडला. कंबरभर खणला असता, तर तुमची कुदळ तिथवर पोचली नसती. डब्यात तार सैल झाली तीही माझ्याच जोडणीतली असेल, किंवा नसेल, ते आता कळायचं नाही. दादाला तुम्ही मारलं असं मी म्हणणार नाही. कोणी म्हणू लागलं तर मला बोलवा.

ता. १४ ला येतो. या वेळी खड्डा मी भरणार नाही. पत्रा तुम्ही ठेवायचा, तार तुम्ही आवळायची, कोळसा-मीठ तुम्ही घालायचं. मी वर उभा राहीन आणि चुकलं तर सांगीन. कोळसा शेरभर जास्त आणून ठेवा.

पुंजाजी


आसेगाव,
ता. ३० जानेवारी १९७७

चि. पुंजाजीभाऊजींस विमलचा सप्रेम जयभीम.

तुम्ही गेल्याला दोन महिने झाले. रोज सकाळी पिंप लावते, अडीच तासांनी खटका पाडते, फ्यूज उपसून पदराला बांधते. तरी पहिल्यांदा मीच पाण्यात उतरते, अंजी नंतर. तिला हसू येतं. म्हणते, "आई, तुया पायाले काय झालं?" पिठाची गिरणी सुरू असली की पाणी तापायला तीन तास लागतात, बाकी तक्रार नाही. शालिग्राम पाहायला आला होता. खड्डा कितीक खोल आहे विचारलं, मी कंबरेला हात लावून दाखवला. चहा पिऊन गेला.

अंजीचा गुडघा सुटतो आहे. आधी उभी केली की टाच जमिनीपासून वीतभर वर राहायची, आता चार बोटं. अकोल्याच्या डॉक्टरांनी बुटाचं माप घेतलं, होळीपर्यंत मिळेल म्हणाले. हौदाची कड धरून ती पाण्यात उभी राहते आणि काकाला लिही म्हणून मागं लागते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रंगूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रडल्या, मग चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी घागर घेऊन आल्या आणि परसातल्या खड्ड्यावर ओतून गेल्या. आता एक दिवसाआड येतात. थंडीत गरज नाही म्हणून सांगितलं तरी ऐकत नाहीत. खड्ड्यात काय आहे ते मी अंजीला थरासकट सांगितलं आहे. तिला तोंडपाठ आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटते.

तिच्या बाबांचं मात्र अजून सांगितलेलं नाही. आज सांगितलं तर तिला माझ्याच कडेवर बसून ते ऐकावं लागेल, आणि ऐकल्यावरही माझ्याच कडेवर राहावं लागेल. बूट येऊ द्या. ती चालायला लागली की सांगीन. तेव्हा तिला माझ्यापासून उठून जावंसं वाटलं, तर जाता आलं पाहिजे.

कॉइलची एक जोडी जास्तीची पाठवा, इथलं पाणी खारट आहे.

विमल